टकलावरची शाई किती वर्षांची हवी?

वाचकांचे प्रश्न, सदरलेखिकेची उत्तरं

या महिन्याच्या टपालात बहुतेक पत्रं एकाच विषयाची निघाली. केस गेलेल्या जागी सुईने शाईचे बारीक ठिपके भरायचे आणि डोकं नुकतंच झिरो मशिन मारल्यासारखं दिसेल असं करून घ्यायचं, ते स्काल्प मायक्रोपिग्मेंटेशन. त्यातही सगळ्यांचा घोळ एकच: पर्मनंट करावं की सेमी-पर्मनंट. हे काम मी फोंड्यात स्वतः करते आणि त्याचे पैसे घेते, तेव्हा माझं मत त्या हिशेबाने वाचा. दोन्ही प्रकार करते, म्हणून अमुकच गळ्यात मारायचंय असं नाही. आणि मी डॉक्टर नव्हे. जिथे त्वचेच्या डॉक्टरांचं काम आहे तिथे तिकडेच जा म्हणून सांगितलंय.

प्रश्न : ताई, मी डिचोलीचा, वय २८. वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात कामाला आहे. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे गेलेत, भोवऱ्यापाशीही पातळ झालेत. वडील आणि आजोबा दोघांनाही पूर्ण टक्कल. डिसेंबरात लग्न ठरलंय. दोन ठिकाणी चौकशी केली. एकाने पर्मनंटचे ५५ हजार सांगितले, ‘एकदाच काय ते’ म्हणाला. दुसऱ्याने सेमी-पर्मनंटचे ३० हजार सांगितले, पण दर दीड वर्षाने टच-अपला १० हजार. घरचे म्हणतात, पुन्हा पुन्हा खर्च कशाला, एकदाच करून मोकळा हो. काय करू?

उत्तर : सेमी-पर्मनंट घ्या. घरचे थोडे कुरकुरतील, कुरकुरू देत.

तुमचे केस आज जिथे आहेत तिथे थांबणार नाहीत, हे सगळ्यात आधी धरून चाला. पुरुषांचं हे टक्कल डीएचटी नावाच्या संप्रेरकामुळे पडतं. केसांची जी मुळं त्याला हळवी असतात ती वर्षागणिक बारीक केस देत जातात आणि शेवटी बंद पडतात. मागची आणि कानांवरची मुळं बहुधा तग धरतात, म्हणून झालर तेवढी राहते. डॉक्टर याच्या पायऱ्या मोजतात. हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये केलेली आणि नॉर्वूड यांनी १९७५ मध्ये सुधारलेली सात पायऱ्यांची मोजणी आजही वापरात आहे. तुमच्या वर्णनावरून तुम्ही तिसरीच्या आसपास दिसता. पुढच्या पायऱ्या घरात वडिलांच्या डोक्यावर बघायला मिळतातच. सवड काढून मामांची डोकीही बघून या, कारण या टकलात मोठा वाटा असलेलं एक जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि ते मुलाला आईकडूनच येतं.

आज उरलेल्या केसांच्या मधे आणि कडेला पक्के ठिपके भरले असं समजा. चाळिशीपर्यंत आजूबाजूचे केस गेले की ठिपके जिथल्या तिथे आणि शेजारी गुळगुळीत पट्टा. मग तो पट्टा भरायला या. पन्नाशीला कानांवरचे खुंट पांढरे व्हायला लागतील आणि वरचे ठिपके मात्र गडदच असतील. उतरत जाणाऱ्या शाईत दर खेपेला फेरविचार करता येतो. रेघ थोडी मागे घेता येते, छटा फिकी करता येते, नाहीतर कंटाळा आला म्हणून सोडूनही देता येतं. लग्नाच्या गडबडीत, अठ्ठाविसाव्या वर्षी, साठीतल्या डोक्याचा निर्णय कशाला घ्यायचा?

शाई टिकते कशी हे थोडं समजून घ्या, म्हणजे समोरचा काय सांगतो ते पारखता येईल. त्वचेचा सगळ्यात वरचा थर साधारण महिन्याभरात झडून नवा येतो. तिथे ठेवलेली शाई त्याच्याबरोबर जाते. म्हणून ठिपका त्याच्या किंचित खाली, दुसऱ्या थराच्या वरच्या भागात ठेवायचा असतो. सगळा खेळ एका मिलिमीटरच्या आतला. शरीराला शाई परकीच, त्यामुळे तिथल्या भक्षक पेशी तिचे कण गिळतात. लहान आणि फुटण्याजोगे कण हळूहळू वाहून नेले जातात. मोठे, चिवट कण पेशीच्या पोटातच अडकून बसतात. अशी पेशी मेली तरी तिने टाकलेले कण नवी पेशी पुन्हा गिळते, हे फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवलं. आजीच्या हातावरचं गोंदण शेवटपर्यंत राहतं ते या अशा हस्तांतरामुळे.

पर्मनंट कामात बहुधा कार्बन ब्लॅक असतं, गोंदणाच्या काळ्या शाईत असतं तेच. शरीराला ते फोडता येत नाही. सेमी-पर्मनंटसाठी शरीराला उचलता येतील असे कण निवडतात आणि सुईही उथळ चालवतात. इटलीतून आलेल्या या पद्धतीला ट्रायकोपिग्मेंटेशन म्हणतात. तिच्या तात्पुरत्या प्रकारात सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत रंग राहतो असं धरून चालतात.

आता ‘एकदाच काय ते’ याबद्दल. तसं काही नसतं. ठिपके टाचणीच्या टोकाएवढेही नसतात, शाई पातळ केलेली असते आणि ऊन आपल्या गोव्याचं. चार-सहा वर्षांत पर्मनंटही फिकं पडतं आणि पुन्हा हात फिरवावा लागतो. फिकं पडतं, पण जात नाही, एवढाच फरक. तिकडे सेमी-पर्मनंटही ठरल्या तारखेला साफ निघून जात नाही. कुणाचं वर्षात उतरतं, कुणाची सावली तीन वर्षं रेंगाळते. डोक्याची त्वचा तेलकट असेल, उन्हात काम असेल, सुई थोडी खोल गेली असेल, सगळ्याचा परिणाम होतो. दीड वर्ष हा अंदाज समजा, वायदा नव्हे.

हिशेब मांडूया. दहा वर्षांत सेमी-पर्मनंटचे पहिले ३० आणि सहा टच-अपचे ६०, असे ९० हजार. पर्मनंटचे ५५ आणि मधल्या एक-दोन टच-अपचे जे काय ते. म्हणजे सेमी-पर्मनंट महागच पडतं, यात घरच्यांचं बरोबर आहे. तुम्ही जास्तीचे पैसे मोजता ते मत बदलण्याच्या सोयीसाठी. तुमच्या वयात मला ती सोय पैशांपेक्षा मोलाची वाटते.

पण खरी मेख पुढेच आहे. सेमी-पर्मनंट म्हणून जे विकलं जातं ते सगळं तसं नसतं. पुष्कळ ठिकाणी तीच गोंदणाची काळी शाई जास्त पाणी घालून वापरतात आणि वर वेगळा भाव लावतात. फेणीत पाणी घातलं म्हणून तिची सोलकढी होत नाही. तेव्हा बाटली हातात मागा. लेबलवर घटक छापलेले नसतील तर उठून घरी जा. ‘सी.आय. ७७२६६’ असा क्रमांक दिसला तर ते कार्बन ब्लॅक, समोरचा त्याला काहीही नाव देवो. ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ ही लोखंडाची ऑक्साइडं: लाल, पिवळं आणि काळं. ती उतरताना कधीकधी तांबूस झाक मागे ठेवतात, हेही विचारून घ्या. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून गोंदण आणि पर्मनंट मेकअपच्या शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं आणली. बाटली त्या नियमांना धरून आहे का, हा प्रश्न विचारायला लाजू नका. आणि फोटो बघायचे तर काम झालेल्या दिवसाचे नकोत, त्या दिवशी सगळ्यांचंच छान दिसतं. वर्ष-दोन वर्षं झालेलं डोकं प्रत्यक्ष दाखवा म्हणा, तेही दुकानाच्या दिव्याखाली नव्हे, बाहेर उजेडात.

कपाळावरची रेघ कुठे घ्यायची यावर मी तुमच्याशी भांडायला तयार आहे. माझे बाबा देवळांच्या उत्सवांतल्या नाटकांना रंगभूषा करायचे. टोप चांगला की वाईट हे ते मधल्या केसांवरून कधी ठरवत नसत. जाळी कपाळावर जिथे संपते तिथे प्रेक्षकाची नजर अडकते, असं ते म्हणायचे, आणि स्पिरिट गमने टोप चिकटवला की कडेला पेन्सिलीने चार तुटक केस काढायचे, तेही वेडेवाकडे. या कामातही तेच आहे. मोबाइलमधल्या नटाचा फोटो दाखवून लोक कपाळावर खाली, सरळ, धारदार रेघ मागतात. जवळून बघितलं की ती मार्करने ओढल्यासारखी दिसते. रेघ तुटक हवी, कानशिलांकडे थोडी मागे गेलेली हवी, आणि पहिल्या खेपेला जेवढी मागे ठेवता येईल तेवढी ठेवावी. पुढे आणणं सोपं असतं, मागे नेणं नाही.

तुमच्या डिसेंबरच्या हिशेबाने चवथीचे पाहुणे आटोपले की लगेच सुरुवात करा. साधारण तीन बैठका लागतात, एकेक तीन-चार तासांची. पहिली मुद्दाम फिकी करतात. दुसरी दहा-पंधरा दिवसांनी, तिसरी त्यानंतर महिनाभराने. आठवडाभर ठिपके ठळक दिसतात, मग खपली झडून मऊ पडतात; पहिल्या दोन दिवसांत आरशात बघून घाबरू नका. चार दिवस डोक्याला पाणी नको, घाम नको, शाम्पू नको. कारखान्यात टोपी घालून उभं राहावं लागत असेल तर तेवढी रजा टाका. डिचोली ते वेर्णा दुचाकीने जात असाल तर त्या दिवसांत बस पकडा, हेल्मेटमध्ये डोकं उकडून निघतं. महिनाभर समुद्र आणि स्विमिंग पूल बंद. नंतर आयुष्यभर उन्हात जाताना डोक्याला सनस्क्रीन.

दोन गोष्टी नवऱ्या मुलीला आत्ताच सांगून टाका. हे दिसायला ठीक राहावं म्हणून दर दोन-तीन दिवसांनी मशिन मारावं लागेल, आणि बोटं फिरवायला डोक्यावर केस नसतील. मुंडावळ्या नेमक्या त्या रेघेवरच बसतात, पण डिसेंबरपर्यंत त्वचा भरलेली असेल, काही होत नाही. हळदीने ठिपक्यांना अपाय नाही. भादरलेलं डोकं मात्र फोटोत पिवळंधमक येतं, म्हणून हळद लावणाऱ्या मामी-काकूंना डोकं सोडा म्हणावं.

आणि हे सगळं करण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांना डोकं दाखवा. ठिपक्यांनी गळती थांबत नाही. मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड ही औषधं या टकलावर बरीच वर्षं दिली जात आहेत. तुम्हाला चालतील का, कोणते त्रास होऊ शकतात, हे डॉक्टरच सांगतील. परिणाम दिसायला चार-सहा महिने लागतात, मिनॉक्सिडिलने सुरुवातीला केस जास्तच गळल्यासारखे वाटतात आणि औषध बंद केलं की मिळवलेलं हळूहळू जातं. औषध लागू पडलं तर तुमच्या डोक्याचा नकाशाच बदलेल. आज पक्की शाई न घालण्याचं हेही एक कारण.

प्रश्न : मी पेडण्याचा, तारवटी. वय ४७. पस्तिशीतच समोरचं सगळं गेलं, तेव्हापासून तेवढंच आहे. वर्षातले आठ-नऊ महिने क्रूझवर असतो, दर दीड वर्षाने तुमच्यासारख्यांच्या खुर्चीत येऊन बसणं जमणार नाही. पर्मनंट करू का? बीपीची गोळी चालू आहे.

उत्तर : करा. वरच्या मुलाला मी जे नको म्हटलं तेच तुम्हाला हो म्हणते, कारण बारा वर्षं तुमचं टक्कल जागेवर आहे. त्यात फार मोठी उलथापालथ व्हायची शक्यता कमी.

फक्त छटा एक पायरी फिकी घ्या. सत्तेचाळिशीत कानांवर थोडी पांढरी झाक असेलच, नसली तर येईल. काळ्या केसाचा खुंट त्वचेतून बघितला तर काळाकुट्ट नसतो, राखाडी दिसतो. गव्हाळ डोक्यावर गडद काळे ठिपके चितारल्यासारखे वाटतात. बोटीवरून सुट्टीवर आल्या आल्या पहिली बैठक घ्या. शेवटची बैठक आणि पुन्हा बोट पकडण्याची तारीख यांत महिन्याचं अंतर ठेवा, म्हणजे काही लालसरपणा किंवा पू झाला तर इथल्या इथे दाखवता येईल. मुंबईच्या विमानात बसायच्या आदल्या आठवड्यात करून घेणारे लोक असतात, तसं नको. डेकवर टोपी घाला, खारं ऊन पक्की शाईही खातं.

बीपीची गोळी असेल तर हरकत नाही, पण तिच्याबरोबर रक्त पातळ करणारी ॲस्पिरिनसारखी गोळी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नका. ती स्वतःहून बंदही करू नका. शुगर एकदा तपासा. शाईत लोखंडाचं ऑक्साइड असेल तर त्याची चिठ्ठी जपून ठेवा. पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली तर तंत्रज्ञाला सांगावं लागतं, कारण क्वचित त्या जागी चुरचुर किंवा सूज येते.

प्रश्न : मी मडगावची शिक्षिका, वय ४९. टक्कल नाही, पण भांग रुंद होत चाललाय. वर्गात फळ्याकडे वळले की मागच्या बाकांवरून भोवऱ्यापाशी डोकं दिसतं, असं मला सतत वाटतं. केस लांब आहेत, महिन्यातून एकदा डाय करते. पुरुषांसारखं मशिन न मारता हे होतं का?

उत्तर : होतं. तुमच्याकडे ठिपक्यांनी केसांची नक्कल करायची नसते, केसांमधून चमकणाऱ्या पांढुरक्या त्वचेला केसांच्या जवळची छटा द्यायची असते. भांग आहे तिथेच राहतो, फक्त त्याचा लखलखीतपणा कमी होतो. केस कापावे लागत नाहीत. हात लावून कुणी बघितलं तरी काही लागत नाही.

पण आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. या वयात पाळीत भरपूर रक्त जाऊन लोह कमी झालेल्या, थायरॉइड मंदावलेल्या बायका किती असतात! तशी भर पडलेली असेल तर औषधाने गळती सावरते आणि सुईची गरजच उरत नाही. डेंग्यू, टायफॉइड किंवा मोठं आजारपण होऊन दोन-तीन महिने झाले असतील तर ती गळती वेगळी, ती बहुतेक वेळा आपोआप थांबते. त्या काळात माझ्याकडे येऊ नका, मी परत पाठवते.

तपासण्यांनंतरही करायचंच ठरलं तर सेमी-पर्मनंट, आणि फिकं. तुम्ही डाय करता, म्हणजे मुळाशी पांढरे केस आहेत. उद्या डाय सोडायचा विचार आला, बऱ्याच जणींना तो साठीकडे झुकताना येतो, तर चंदेरी केसांखाली काळी जमीन विचित्र दिसेल. बैठकांच्या काळात आणि नंतर महिनाभर डाय बंद ठेवावा लागेल, म्हणून मेमधली सुट्टी बघा. डायने पूर्वी कधी खाज किंवा पुरळ आलं असेल तर तेही आधी सांगा. शाईचीही कानामागे चाचणी घेऊन थोडे दिवस थांबता येतं.

आणि एक विचारू का? मागच्या बाकांवरची मुलं तुमच्या भोवऱ्याकडे बघत नसतात, त्यांचं लक्ष बाकाखालच्या मोबाइलकडे असतं.

प्रश्न : माझ्या मुलाला, वय १७, डोक्यावर तीन ठिकाणी रुपयाएवढी चाई पडली आहे. कॉलेजात चिडवतात. एका पार्लरवाल्या बाईंनी तिथे शाई भरून देते म्हणून सांगितलं. पर्मनंट करावी का? – एक आई, वाळपई

उत्तर : दोन्हीपैकी काहीच नाही. चाईत शरीराची संरक्षक यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटलेली असते, पण मुळं जिवंत असतात. केस पुष्कळदा परत येतात, कधी पांढरे येऊन मग काळे होतात. एका जागी भरून येतात तोवर दुसऱ्या जागी जातात, असंही होतं. जागा बदलणाऱ्या गोष्टीवर पक्का रंग भरायचा तरी कुठे? मुलाला घेऊन बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचारोग विभागात जा, किंवा वाळपईजवळच्या त्वचातज्ज्ञाकडे. तिथे इंजेक्शन, मलम, जे योग्य ते देतील. सतरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर मी काम करत नाही आणि कुणी करू नये. चाई वर्षानुवर्षं जागेवर थांबलेली असेल आणि डॉक्टर हो म्हणाले, तर मोठा झाल्यावर तो स्वतः ठरवील.

जाता जाता इतरांसाठी : सोरायसिस, कोड, जखमेवर गाठाळ वण चढण्याची सवय किंवा डोक्यात चिघळलेला कोंडा असेल तर आधी डॉक्टर. कोड आणि सोरायसिस असलेल्यांना सुई टोचल्या जागीच नवा डाग उमटू शकतो.

प्रश्न : मी म्हापशाचा, वय ३४. दोन वर्षांपूर्वी किनाऱ्याकडच्या एका टॅटूवाल्याकडे निम्म्या दरात डोकं भरून घेतलं, दोन बैठकांत. आता ठिपके पसरून निळसर झालेत आणि कपाळावरची रेघ भुवयांकडे सरकल्यासारखी वाटते. एक जण म्हणतो, वरून त्वचेच्या रंगाची शाई मारू, झाकून जाईल. मारू का?

उत्तर : मुळीच नको. हे पत्र वाचून मी पहिल्यांदा तुम्हालाच उत्तर लिहायला घेतलं होतं.

निळसर दिसतं कारण सुई खोल गेली. खोलवरच्या काळ्या रंगावरून येणाऱ्या प्रकाशातला निळा भाग त्वचेत जास्त विखुरतो; मनगटावरच्या शिरा निळ्या दिसण्यातही याचा हात आहे. गोंदणाची सुई आणि गोंदणाऱ्याचा हात जाड रेघेला सरावलेला असतो. डोक्याची त्वचा कानशिलापाशी पातळ, मागे जाड, तिथे एकाच जोराने टोचलं की ठिपके फुटून एकमेकांत मिसळतात. चांगला गोंदणारा हे काम चांगलं करीलच असं नाही, इतकंच.

त्वचेच्या रंगाच्या शाईत बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड असतं, आणि तपकिरी छटेसाठी लोखंडाचं ऑक्साइड. पुढे लेझर मारायची वेळ आली की हे दोन्ही रंग उडण्याऐवजी एका क्षणात करडे-काळे पडू शकतात. शिवाय ती शाई उन्हात तापलेल्या डोक्यावर वेगळ्याच छटेची दिसते. म्हणजे एका चुकीवर दुसरी, आणि दुसरी काढायला जास्त कठीण.

त्वचातज्ज्ञाकडे जाऊन लेझरची चौकशी करा. क्यू-स्विच्ड एनडी-याग, तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, असं विचारा. काळा कार्बन त्याला चांगली दाद देतो, आणि आपल्या सावळ्या त्वचेला कमी तरंगलांबीच्या लेझरपेक्षा हा सुरक्षित. तुमच्याकडे दंडावरच्या चित्राएवढी शाई नाही, त्यामुळे बैठका कमी लागतात; मधे सहा-आठ आठवड्यांची फुरसत मात्र द्यावी लागते. आधी कानामागे लहानशा जागी मारून बघायला सांगा, कोणती शाई होती हे तुम्हाला माहीत नाही म्हणून. सगळं काढायची गरज नसेल. पुढची रेघ उडवली आणि मधलं थोडं फिकं केलं, तरी डोकं माणसात येतं. मग त्वचा शांत झाली की हवं तर नव्याने, उतरणाऱ्या शाईने. त्या टॅटूवाल्याशी भांडत बसण्यात वेळ घालवू नका, त्याच्याकडून दुरुस्ती तर नकोच.

प्रश्न : शिवोलीहून विचारतोय. मेच्या शेवटी शेवटची बैठक आहे. २४ जूनला सांजांवाला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, विहिरीत उडी मारली तर चालेल का? कोपेल (फुलांचा मुकुट) डोक्यावर असेल.

उत्तर : महिना पुरा होत नाही, आणि जूनमधलं विहिरीचं पाणी गढूळ असतं. फुलांचा कोपेल घाला आणि काठावरूनच ‘व्हीव सांजांव’ म्हणा. नाहीतर बैठक पंधरवडा अलीकडे घ्या.

प्रश्न : मी साखळीचा, वय ४१. टक्कल बऱ्यापैकी स्थिर आहे, पण सावधगिरी म्हणून सेमी-पर्मनंट घ्यायचं जवळजवळ ठरवलंय. वर्षातून तीन-चार वेळा रक्तदान करतो. त्याला अडचण येईल का?

उत्तर : येईल, आणि तुमच्या बाबतीत यावरूनच निवड ठरावी. आपल्याकडे रक्तदानाच्या राष्ट्रीय निकषांत गोंदणानंतर १२ महिने थांबायला सांगितलंय. सुईने त्वचेत शाई भरली की रक्तपेढीच्या लेखी ते गोंदणच. पर्मनंट असो की सेमी-पर्मनंट. ते १२ महिने शेवटच्या बैठकीपासून मोजा, पहिल्या नव्हे.

आता सेमी-पर्मनंटचा टच-अप दर दीड वर्षाने धरा. प्रत्येक टच-अपनंतर पुन्हा १२ महिने थांबायचं, म्हणजे दर १८ महिन्यांतले सहाच महिने तुमच्या हाती राहतात. पुरुषाला दोन रक्तदानांत ९० दिवसांचं अंतर ठेवावं लागतं, तेव्हा त्या सहा महिन्यांत दोनदा, फार तर तीनदा देता येईल. पर्मनंटला सुरुवातीचं एक वर्ष जाईल आणि मग पुढच्या टच-अपपर्यंत तीन-पाच वर्षं मोकळी मिळतील. टक्कल स्थिर आहे, वय एक्केचाळीस आहे. रेघ मागे ठेवून आणि छटा फिकी घेऊन तुम्ही पर्मनंटच करा. सुरुवात करायच्या आदल्या आठवड्यात एकदा रक्त देऊन या, आणि पुढच्या वर्षभरात रक्तपेढीतून फोन आला तर कारण खरं ते सांगा.